सायबेरियातला मिथेन बॉम्ब आणि आमचा कंपोस्ट खड्डा

उत्तरायण (धागाकर्ता)

रविवारी सोसायटीची सभा होती. विषय क्रमांक चार: कंपोस्टचा खड्डा चालू ठेवायचा, की बुजवून तिथे दुचाक्या लावायच्या. चर्चा बरी चालली होती, तेवढ्यात बी विंगच्या एका काकांनी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून एक फॉरवर्ड वाचून दाखवला. जसाच्या तसा देतो:

"सायबेरियातील कायम गोठलेली जमीन वितळली! ५० अब्ज टन मिथेनचा बॉम्ब कधीही फुटणार!! उपग्रहाने टिपलेला लाल नकाशा पाहा. शास्त्रज्ञ हतबल. आता झाडे लावून, कचरा जिरवून काहीही होणार नाही. कुटुंबासोबत वेळ घालवा."

अकरा विरुद्ध सहा. खड्डा बुजणार. सायबेरियामुळे.

तेव्हापासून डोकं ठणकतंय, म्हणून हा प्रपंच.

आधी तो लाल नकाशा. त्यात हवेतलं मिथेनचं प्रमाण दिसतं, जमिनीतून किती निघतंय ते नाही. वाड्यात खाली कुणी बोंबील भाजले तरी वास माडीवर कोंडतो. म्हणून माडीवरच्यांनी बोंबील भाजले असं होत नाही. अलास्कात उत्कियाविकला (जुनं बॅरो) हवेत मिथेन दक्षिण ध्रुवापेक्षा शंभराहून जास्त पीपीबीनं (हवेच्या अब्ज भागांत मिथेनचे भाग) वर आहे. कारण साधं आहे. तेलविहिरी, कोळशाच्या खाणी, गुरं, भातखाचरं, कचऱ्याचे डोंगर, सगळं बहुतांश उत्तर गोलार्धात. खुद्द टुंड्रा (उत्तरेची बिनझाडांची गोठलेली जमीन) किती सोडते हे काढायचं तर समुद्रावरून आलेला वारा आणि जमिनीवरून आलेला वारा वेगळा करून फरक बघावा लागतो. बॅरोला तो २९ वर्षांच्या नोंदींवर बघितला गेला, २०१६ मध्ये छापून आला. तापमान स्पष्ट वाढलेलं. टुंड्रावरून येणाऱ्या मिथेनमध्ये म्हणावी अशी वाढ नाही.

आता ५० अब्ज टन. हा आकडा जमिनीचा नाहीच! पूर्व सायबेरियाच्या उथळ समुद्राच्या तळाखाली अमुक असेल आणि ते एकदम सुटलं तर काय, अशी ती कल्पना. २०१३ मध्ये तिच्यावर अर्थशास्त्राचा हिशेब झाला आणि तिथून तो आकडा गावभर फिरतोय. पृथ्वीच्या अख्ख्या वातावरणात आज मिथेन आहे पाचेक अब्ज टन. म्हणजे काकांच्या मते त्याच्या दसपट एका रात्रीत येणार. त्याच समुद्रातून वर्षाला १.७ कोटी टन मिथेन येतं असा अंदाज २०१३ मध्ये आला होता. नंतर दुसऱ्या गटानं जहाजावरून मोजलं तर ते ३० लाख टनांच्या आसपास भरलं.

पर्माफ्रॉस्ट, म्हणजे ती कायम गोठलेली जमीन, वितळत नाहीये असं मी म्हणत नाही. तिथे वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट कार्बन गोठलेला आहे. पण तो पिंपाच्या सैल तोटीसारखा येतो. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल समितीच्या) सहाव्या अहवालात दर एक अंश तापमानवाढीमागे २१०० पर्यंत साधारण १८ अब्ज टन कार्बन, तोही डायऑक्साइडच्या रूपात. जगाच्या दोनेक वर्षांच्या धुराइतका, पण या शतकभरात पसरलेला. आणि तोटी किती सैल होणार हे आपण किती तापवतो त्यावर. मग कचरा जिरवून उपयोग नाही हे कुठून आलं?

तिरपागडा

पहिली चटई माझी. शेंगदाणे घेऊन बसलोय.

धोक्याची_घंटा

उत्तरायण, लेख नेटका आहे आणि तेच चीड आणणारं आहे. काका मूर्ख म्हणून काळजी मूर्ख, हे कसं?

१८ अब्ज टन लिहिलंत, किमान-कमाल अंदाजाचा कंस खाल्लात. तो ३ ते ४१ असा आहे. एवढा रुंद कंस असताना मधला आकडा घेऊन "सैल तोटी" म्हणणं म्हणजे डॉक्टरनं "गाठ आहे, साधी असेल किंवा नसेलही" म्हटल्यावर पेढे वाटणं. आणि त्या मॉडेलांत जमीन वरून हळूहळू, थराथरानं वितळते. प्रत्यक्षात जमिनीत रुतलेली बर्फाची पाचर वितळली की अख्खा उतार खाली बसतो. सायबेरियात याकुतियातलं बातागाय बघा. जंगल तोडलं, जमीन उघडी पडली, आणि आता तिथे किलोमीटरभर लांबीची, शंभरएक मीटर खोल घळ आहे, दरवर्षी मोठी होतेय. असं एकदम खचणं २० टक्क्यांहून कमी भागात होईल, पण निम्म्या गोठलेल्या कार्बनला हात घालू शकेल, असं २०२० चा अभ्यास सांगतो.

आता तुमचं बॅरो. मिथेन वाढलं नाही म्हणालात. त्याच बॅरोच्या नोंदींतून ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये टुंड्रातून निघणारा कार्बन डायऑक्साइड १९७५ पासून ७३ टक्क्यांनी वाढल्याचं २०१७ मध्ये आलं. हे का नाही लिहिलंत? की कंपोस्टच्या बाजूनं बसत नव्हतं?

२० जून २०२० ला सायबेरियात वर्खोयान्स्कला ३८ अंश होतं. आर्क्टिक वृत्ताच्या आत. आमच्या परभणीत जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कधीकधी त्याहून कमी असतं.

उत्तरायण

७३ टक्क्यांचं लपवलं नाही, विषय मिथेन बॉम्बचा होता. पण ठीक आहे, मांडायला हवं होतं. लागलं मनाला, घ्या.

मुद्दा खरा आहे आणि खरं तर फॉरवर्डपेक्षा जास्त रंजक आहे. बर्फ लवकर पडतो, गोधडीसारखा बसतो, आणि खालची ओली माती आठवडेच्या आठवडे शून्य अंशावर अडकून राहते. ना गोठत, ना थंड पडत. वर सूर्य मावळून गेलेला, झाडांचं कार्बन ओढणं बंद, आणि खाली सूक्ष्मजीवांची पंगत चालूच. अलास्काच्या टुंड्रात वर्षभराच्या मिथेनपैकी निम्मं किंवा जास्त या थंडीच्या महिन्यांत येतं. नुसतं उन्हाळ्यात मोजणाऱ्यांना ते दिसलंच नव्हतं.

पेढे मात्र मी वाटले नाहीत.

शब्दवेडी

सगळ्यांना नम्र विनंती: पर्माफ्रॉस्टला मराठी शब्द वापरा. आपल्याकडे "दहिवर" आहे, "हिवाळं" आहे, "थिजणे" आहे. थिजभूमी का नको?

तिरपागडा

थिजभूमी वितळतेय म्हटलं की वनस्पती तुपाचा डबा आठवतो.

शब्दवेडी

तुपाचा आठवला तर बरंच की. तूप थिजतं आणि पातळ होतं, नेमकं तेच सांगायचंय. तुम्हाला इंग्रजीत थट्टा सुचत नाही, मराठीतच सुचते.

बापू_फलटणकर

मिथेनचं नाव निघालं की माझ्या पोटात गोळा येतो. आज सायबेरिया म्हणताय, उद्या फिरून गाडी आमच्या गोठ्यावर येणार. उत्तरायणरावांनी पहिल्याच लेखात "गुरं, भातखाचरं" म्हटलंच की. वाचलं मी.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या हिशेबात एकट्या भारताच्या भातखाचरांतून वर्षाला पावणेचार कोटी टन मिथेन निघायचं. सगळ्या जगानं बोटं मोडली. १९९१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या ए. पी. मित्रांनी देशभरच्या खाचरांत माणसं उतरवून मोजलं, तर निघालं ४० लाख टनांच्या आसपास. नवाला एक! तेव्हा कुणी माफी मागितली? २०२१ मध्ये ग्लासगोला मिथेन कमी करायचा करार झाला त्यात भारतानं सही केली नाही. बरोबर केलं.

आमच्याकडे १९८६ ला गोबरगॅस बसवला. लोखंडी ड्रमचा. आईनं अठरा वर्षं त्यावर स्वयंपाक केला. तिला पर्यावरण शब्द माहीत नव्हता. आता शहरात बसून खड्ड्यावर मतदान करणाऱ्यांनी आम्हाला मिथेन शिकवू नये.

धोक्याची_घंटा

बापू, धागा पर्माफ्रॉस्टचा आहे. कुणीही तुमच्या गोठ्याला हात लावलेला नाही. पण तुम्हीच काढलंत म्हणून: ४० लाख टन हा भाताचा आकडा. गुरांचा वेगळा, आणि आपल्याकडे तो भातापेक्षा मोठा आहे. गाय पवित्र म्हणून तिचा ढेकर पवित्र होत नाही.

बापू_फलटणकर

ढेकर काढताय ना, मग विमानाचं पण काढा. मागच्या धाग्यावर तुम्हीच लिहिलं होतं, मुलीकडे शिकागोला दरवर्षी जाता म्हणून. माझी तीन गुरं तुमच्या एका फेरीला पुरी पडतात का बघा.

धोक्याची_घंटा

वैयक्तिक होऊ नका. नात झालीये मला.

बापू_फलटणकर

अभिनंदन. मला पण कालवड झालीये.

मळेकरी_सुनंदा

बापू, ड्रमचं पुढे काय झालं? आमचा गंजून कडेनं सुटला होता. वेल्डिंगवाला जवळ यायला तयार नाही, म्हणे फुटेल. शेवटी ड्रम काढून धुऊन तीन दिवस उन्हात ठेवला तेव्हा आला. दीनबंधू (विटांच्या घुमटाचा गोबरगॅस) घेतला असता तर लोखंडाची कटकट नव्हती, पण गवंडी चांगला नसेल तर घुमटाला चीर पडते आणि गॅस जातो कुठे ते कळत नाही.

बापू_फलटणकर

तेच झालं. २००४ ला सोडला. दरवर्षी काळा रंग द्यायचो, तरी पाण्याच्या रेषेवर खातंच. आणि ताई, मुख्य अडचण थंडीची. डिसेंबर-जानेवारीत सकाळी शेगडी नुसती फुसफुसायची. आई रात्री बंबातलं कोमट पाणी शेणाच्या कालव्यात ओतायची, वर उसाचं पाचट अंथरायची. तरी पोळ्या होईस्तोवर भात राहायचा.

निवृत्त_मास्तर

बापूसाहेब, आपण नकळत धाग्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर दिलंत. आपल्या ड्रममधले आणि अलास्काच्या तळ्याच्या गाळातले मिथेन करणारे सूक्ष्मजीव एकाच कुळातले. हवा नको, ओलं हवं, खायला कुजकं हवं, आणि ऊब मिळाली की सुटतात. पस्तीसेक अंशाला जोमात, दहा-बारा अंशाला मरगळलेले. गोठलेल्या जमिनीत हजारो वर्षांचं खाद्य आयतं भरून ठेवलंय. मातोश्री कोमट पाणी ओतत होत्या, तेच आपण तिकडे ओततोय.

बापू_फलटणकर

नकळत काय नकळत? अठरा वर्षं हातानं शेण कालवलंय. तुम्ही फळ्यावर शिकवलंत, आम्ही केलं.

निवृत्त_मास्तर

शब्द मागे घेतो. "कळत" वाचावे.

देहूकर

गोबरगॅसवर एवढं चाललंय आणि आमच्या डॉ. मापुसकरांचं नाव कुणी घेत नाही? देहूत संडासाला जोडलेला मलप्रभा गॅस त्यांनी केला, त्यावर स्वयंपाक होतो. लोक आधी नाकं मुरडायचे. पद्मश्री मिळाली २०१७ मध्ये, तीही गेल्यावर.

मळेकरी_सुनंदा

संडासाच्या गॅसवर माझी सासू चहासुद्धा पिणार नाही. गॅस वाईट नाही हो, मन मानत नाही.

देहूकर

निळ्या ज्योतीला जात नसते ताई.

धोक्याची_घंटा

मी हात जोडतो. कुणीतरी परत उत्तरेला चला.

मांडवीतीर

चला. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचं नाव पुण्या-मुंबईच्या लोकांच्या तोंडात कधी येत नाही हे लक्षात ठेवलंय मी. नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटांवर नी-ऑलेसुंडमध्ये भारताचं हिमाद्री केंद्र २००८ पासून आहे, कारभार गोव्यातून चालतो. त्याच गावाच्या डोंगरावर झेपेलिन वेधशाळेत हवेतलं मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मोजतात. तुमच्या बॅरोइतकंच जुनंजाणतं ठिकाण नाही, पण वाऱ्यात तेल-कारखान्यांचा वास कमी. बाकी गोबरगॅस चालू द्या.

फेअरबँक्सचा_पक्या

उशीर झाला, इथे आता सकाळ आहे. मी मूळ मिरजेचा, गेली तेरा वर्षं अलास्कात फेअरबँक्सला. तुमचे आकडे वाचले, मी फक्त घर सांगतो.

घर घेतलं तेव्हा एजंट म्हणाला, लेव्हल आहे. होतं. आधीच्या मालकानं दक्षिणेची स्प्रूसची झाडं तोडून, शेवाळाची जाड गादी खरवडून अंगण केलं होतं. ती गादी म्हणजे जमिनीची दुलई. ती गेली आणि ऊन थेट मातीला लागलं. तिसऱ्या वर्षी न्हाणीघराचं दार आपोआप उघडायला लागलं, बायकोला वाटलं भूत. कोपरा चार इंच खाली. आता घर जॅकवर आहे. दर मे महिन्यात मी पाना आणि पाण्याची लेव्हल घेऊन घराखाली सरपटत जातो आणि कोपरा कोपरा वर घेतो. मुलगी टेबलावर गोटी ठेवते आणि वरून ओरडते, "बाबा, अजून पळतेय."

इथून जवळ फॉक्सला अमेरिकन लष्कराच्या अभियंत्यांनी साठच्या दशकात गोठलेल्या डोंगरात बोगदा खणलाय. आत भिंतीतून हजारो वर्षांपूर्वीची मुळं आणि रानगव्यांची हाडं डोकावतात. वास सांगू? लोणच्याची बरणी तबेल्यात विसरली तर कसा येईल, तसा. वास येतो म्हणजे कुजणं सुरू आहे.

आणि मोजणारे लोकही भेटतात. दुःख हे की अर्ध्याहून जास्त पर्माफ्रॉस्ट रशियात आणि २०२२ पासून तिथल्या केंद्रांची माहिती बाहेर येणं जवळजवळ थांबलंय. तुम्ही इथे कंसाच्या रुंदीवर भांडताय. कंस रुंद आहे कारण अर्धी खोली अंधारात आहे.

धोक्याची_घंटा

पक्या, धन्यवाद. मी तेच म्हणत होतो. २०२४ च्या आर्क्टिक अहवालानुसार वणवे धरले तर टुंड्रा आता कार्बन घेण्याऐवजी देते आहे. उत्तरायण, अजून सैल तोटी?

उत्तरायण

अजून तोटीच. पण पिंपाखाली बादली ठेवायची वेळ झाली हे मान्य. कंस द्यायला हवा होता हेही मान्य. रशियाची माहिती नसताना "म्हणावी अशी वाढ नाही" हे मी बॅरोपुरतंच म्हणायला हवं होतं. झालं समाधान? बॉम्ब मात्र अजूनही नाही. २००७ नंतर जगात मिथेन पुन्हा वाढतंय, पण त्याचा मोठा वाटा उष्ण कटिबंधातल्या दलदली, गुरं आणि कचरा यांच्याकडे बोट दाखवतो, आर्क्टिककडे नाही.

बापू_फलटणकर

आली गुरं. म्हटलं नव्हतं?

तिरपागडा

२०२० ला सायबेरियात नोरिल्स्कला डिझेलची टाकी फुटली, वीस हजार टनांवर तेल सांडलं. कंपनीनं खापर फोडलं वितळत्या जमिनीवर. उत्तरायणांच्या सोसायटीनं खड्डा बुजवला, खापर फोडलं सायबेरियावर. बिचारी थिजभूमी. (शब्दवेडी, वापरला बघा.)

सी_विंग_३०४

सहसा वाचनमात्र असते, पण आज राहवत नाही. मी त्याच सोसायटीत राहते. उत्तरायण, सभेत फॉरवर्ड शेवटी वाचला गेला. त्याआधी वीस मिनिटं काय चाललं होतं ते पण लिहा की. जुलैपासून खड्ड्यात पाणी तुंबलंय. त्यावर पत्रा टाका म्हणून मी तीनदा लिहून दिलं. सडक्या अंड्यासारखा वास आमच्या स्वयंपाकघरात येतो आणि बी विंगचे काका बरोबर त्याच्या वर राहतात. लोकांनी मत वासाविरुद्ध दिलं. सायबेरिया तोंडी लावायला होता.

निवृत्त_मास्तर

तुंबलेला खड्डा, हवा नाही, सडक्या अंड्याचा वास. म्हणजे उत्तरायण, मिथेन आपल्याच खड्ड्यातून...

धोक्याची_घंटा

हाहाहा! दोन दिवस सायबेरियाला क्लीन चिट देत होते!

उत्तरायण

क्लीन चिट दिली नाही. आणि खड्डा फक्त पावसाळ्यात तुंबतो. उलटापालटा केला की हवा लागते, मग मिथेन होत नाही. जूनमध्ये मी आजारी होतो.

सी_विंग_३०४

जून, जुलै, ऑगस्ट.

उत्तरायण

पत्रा शनिवारी आणतो. फेरमतदान मागू का?

सी_विंग_३०४

आधी पत्रा.

बापू_फलटणकर

पक्याभाऊ, एक विचारायचं होतं. तुमच्याकडे तळ्याच्या बर्फात मिथेनचे फुगे अडकतात म्हणे, भोक पाडून पेटवतात. ज्योत किती वेळ टिकते? चहा होईल का?

फेअरबँक्सचा_पक्या

बापू, ऑक्टोबरात बर्फ दोन-तीन इंच आणि काचेसारखा असतो तेव्हा खाली पांढऱ्या चकत्या एकावर एक रचलेल्या दिसतात, इडलीपात्रासारख्या. जिथे फुगे फार जोरात येतात तिथे बर्फ धरतच नाही, तिकडे फिरकायचं नाही. मित्रानं सुळा मारला, मी काडी लावली. भक्कन माणसाच्या उंचीची ज्योत आली आणि पाच-सहा सेकंदांत संपली. चहा नाही झाला. भुवया डिसेंबरात परत आल्या.

बापू_फलटणकर

ड्रम पाहिजे त्याला. वर ड्रम ठेवा, कडेला पाणी, मग टिकेल. फक्त रंग दरवर्षी द्या.